सक्ती कायद्याची, हप्ता बाजाराचा



कायदा केला की प्रश्न सुटतो, ही आपल्या चळवळीतील जुनी श्रद्धा. मीही तिच्यातच वाढलो. तिला छेद देणारे एक उदाहरण आज अमेरिकेतून आणले आहे. तेथे मोटारीच्या विम्याचे नियम ज्या त्या राज्याने करावयाचे असतात. त्यामुळे सीमा ओलांडली की नियम बदलतात, आणि विम्याविना गाडी चालवणाऱ्यांचे प्रमाणही बदलते.

मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून, देशात सर्वांआधी, हा विमा सक्तीचा केला. शेजारच्या न्यू हॅम्पशायरने सरसकट सक्ती आजतागायत केलेली नाही. तेथे निम्मी वाहने विम्याविना धावत असतील, असे आपल्याला वाटेल. तेथील विमा संशोधन परिषदेचा २०१९ सालचा अंदाज मात्र असा : मॅसॅच्युसेट्स ३.५ टक्के, न्यू हॅम्पशायर ६.१ टक्के. सक्ती असलेल्या मिशिगनमध्ये हेच प्रमाण २५.५ टक्के होते, आणि त्याला लागून असलेल्या ओहायोत, तेथेही सक्ती असताना, त्याच्या जवळपास निम्मे!

मिशिगनचे लोक अधिक बेजबाबदार आहेत काय? मुळीच नाही. १९७३ पासून तेथे अपघातग्रस्ताचा औषधोपचार, चूक कोणाचीही असो, आयुष्यभर आणि अमर्याद रकमेपर्यंत विम्यातून होत असे. हेतू उदार होता. परंतु हा भार सार्वजनिक तिजोरीवर न टाकता खासगी विम्याच्या हप्त्यावर टाकला गेला, आणि रुग्णालयांच्या आकारणीवर मर्यादा घातली गेली नाही. परिणामी हप्ता चढत गेला. त्यातही तो राहत्या वस्तीवरून ठरे, म्हणून डेट्रॉइटच्या गरीब वस्त्यांत तो सर्वांत जाचक झाला. मोटारींच्या या राजधानीतील शेवटची ट्राम १९५६ साली बंद पडली होती. कामावर जायचे तर गाडी हवीच. ज्याला हप्ता आणि घरभाडे यांतून एकाचीच निवड करता येते, तो काय निवडेल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. न्यू हॅम्पशायर हे अल्प दारिद्र्याचे राज्य, हेही येथे ध्यानात घ्यावे.

शिक्षेची तऱ्हा पाहा. मिशिगनमध्ये विमा नसलेला मालक आपल्याच गाडीत जखमी झाला, तर तो स्वतःच्या उपचाराच्या लाभालाही मुकतो. म्हणजे ज्याला आधाराची गरज सर्वाधिक, तोच उघड्यावर.

२०१९ च्या दुरुस्तीने अमर्याद उपचाराची अट सैल केली, टपालविभागावरून हप्ता ठरवण्यास मनाई केली. पण ‘प्रदेशा’नुसार दर लावण्याची मुभा ठेवली! न्यू जर्सीने २००३ पासून अतिगरिबांसाठी दिवसाला एक डॉलर दराची पॉलिसी काढली आहे. तिच्यात तातडीचे उपचार मिळतात. पण त्या गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला तिच्यातून दायित्वाची नुकसानभरपाई मिळत नाही, आणि तो पादचारीही बहुधा त्याच वस्तीतला असतो.