भोपळ्याचे फूल आणि शेतकऱ्याची नोंदवही



भोपळ्याची वेल कोणाला नवीन नाही. बी टोचले, वेल मांडवावर चढली, फुले आली की फळ धरणारच, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु फुलापासून फळापर्यंतचे काम मुख्यतः मधमाशी करते आणि ती न आल्यास कोवळे फळ पिवळे पडून गळते, याकडे फारसे लक्ष जात नाही. हे काम माणसाने स्वतःच्या हाती घेतल्यास काय साध्य होते, याचे उद्बोधक उदाहरण कॅनडात पाहावयास मिळते.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर नावाचे गाव आहे. हॉवर्ड डिल हे तेथील शेतकरी. त्याच देशातील विल्यम वॉरनॉक यांनी १९०४ साली ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा पिकविला होता. तो विक्रम १९७६ पर्यंत अबाधित राहिला. डिल यांनी वर्षानुवर्षे निवड व संकर करून ‘अटलांटिक जायंट’ हा वाण सिद्ध केला आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांचे १९८१ चे फळ ४९३.५ पौंडांचे, म्हणजे सुमारे २२४ किलोंचे होते. डिल २००८ साली निवर्तले. त्यांचे बी मात्र देशोदेशी पोचले होते. १९९६ मध्ये भोपळ्याने एक हजार पौंडांची मर्यादा ओलांडली, तर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्पर्धेत एक भोपळा २,७४९ पौंड, म्हणजे सुमारे १,२४७ किलो भरला.

या यशाच्या मुळाशी सकाळची काही मिनिटांची कृती आहे. भोपळ्याच्या एकाच वेलीवर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. नरफूल लांब, सडपातळ देठावर असते. मादीफुलाच्या तळाशी इवलासा भोपळा दिसतो. दुसऱ्या दिवशी उमलणारी मादीकळी बागायतदार आदल्या संध्याकाळी ओळखतो व तिचे तोंड दोऱ्याने बांधतो किंवा तिला कापडी पिशवी घालतो. निवडलेल्या नरकळ्याही तशाच बांधून ठेवतो. पहाटे नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढल्या जातात आणि त्यातील पराग मादीफुलाच्या कुक्षीच्या प्रत्येक भागावर हलकेच फिरवला जातो. नंतर फूल पुन्हा बांधतात. काम साधले असेल तर काही दिवसांतच फळ फुगू लागते. पुढे वेलीवर एकच जोमदार फळ राखून बाकीची खुडली जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पराग कोणत्या वेलीचा आहे याचा परिणाम त्या फळाच्या आकारावर वा चवीवर होत नाही. तो आतील बियांतून पुढच्या पिढीत दिसतो. म्हणूनच हे बागायतदार प्रत्येक बियाण्याबरोबर फळाचे वजन, पिकविणाऱ्याचे नाव, वर्ष, तसेच मादी आणि नर वेलींची नावे लिहून ठेवतात. बियाण्याची ही वंशावळ नसती तर एका वर्षाचे यश त्या वर्षापुरतेच राहिले असते.

एवढा अवाढव्य भोपळा पिकविणे ही आपली गरज नव्हे. परंतु ही रीत आपल्या परसबागेत व शेतातही तितकीच उपयोगी आहे. पावसाच्या झडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत; फुले उमलण्याच्या वेळी कीटकनाशक फवारले तर त्या मरतात. अशा वेळी हाताने परागीभवन केल्यास हाती येणारे पीक वाचू शकते. मात्र वेळ सांभाळावी लागते. लाल भोपळा, काकडी व कारले यांची फुले सकाळी उमलतात. दुधी व दोडक्याची सायंकाळच्या सुमारास.

दुसरा प्रश्न बियाण्याचा आहे. शेजारच्या वेगळ्या लाल भोपळ्याचा पराग आला तर घरच्या बियाण्याचा वाण टिकत नाही. दुधीचा पराग मात्र लाल भोपळ्याला चालत नाही, त्यामुळे ती भीती निराधार आहे. एकाच वाणाच्या निरोगी वेली निवडाव्यात, कळ्या बांधाव्यात, पराग हाताने द्यावा, देठाला रंगीत दोरा बांधून तारीख लिहावी व ते फळ वेलीवरच पूर्ण पक्व होऊ द्यावे. या कामाला भांडवल लागत नाही. आजीने जपलेले चांगल्या चवीचे बी गावातून एकदा नाहीसे झाले की ते दुकानात मिळेलच असे नाही.

शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत एक वेल या प्रयोगासाठी राखावी. फुलाची रचना मुलांना फळ्यावरील आकृतीपेक्षा तेथे लवकर उमजेल. पंचायत सदस्यांनी गावातील जुन्या वाणांची व ते जपणाऱ्या घरांची यादी करावी. कृषी कर्मचाऱ्यांनी फवारणीचा सल्ला देताना फुले उमलण्याची वेळ आवर्जून सांगावी. विंडसरच्या शेतकऱ्याजवळ होते ते निरीक्षण, चिकाटी आणि नोंद ठेवण्याची सवय. ती सवय गावोगावी रुजली, तर घरचे बी घरात राहील आणि त्याचा वाणही टिकेल.