विद्यापीठातील तंत्रज्ञान आणि मराठी शाळेतील विद्यार्थी
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात यंत्रे परदेशातून आली, तज्ज्ञही आले. परंतु भट्टी कशी चालवायची हे ज्ञान रशियन तज्ज्ञाकडून भारतीय अभियंत्याकडे आणि अभियंत्याकडून कामगाराकडे जाताना मध्ये दुभाष्याची गरज पडली. पद्मनाभपुरातील आणि दुर्ग-भिलाईतील अनेक मराठी कुटुंबे या कारखान्याच्या निमित्तानेच येथे स्थिरावली. त्यामुळे तंत्रज्ञान आणि भाषा यांचे नाते या नगरीला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. प्रश्न आजचा आहे. विद्यापीठांनी अध्यापन, संशोधन आणि लोकशिक्षण या तिन्ही कार्यांसाठी तंत्रज्ञान हाती घेतले आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलापर्यंत त्यातले किती पोहोचते?

दूरच्या विद्यार्थ्याला तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिकवण्याचा देशातील पहिला मोठा प्रयोग छत्तीसगडच्या भूमीनेही पाहिला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या प्रकल्पाखाली अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखवण्यात आली. त्या सहा विभागांपैकी एक रायपूर परिसराचा होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी, त्या त्या प्रदेशाला कळेल अशा भाषेत हे कार्यक्रम होत. उपग्रह एका वर्षाच्या कराराने मिळाला होता. वर्ष संपले आणि तो परत गेला. मात्र दूरच्या खेड्यातील मुलालाही पडद्यावरून शिकवता येते, हा विश्वास मागे राहिला. पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी वर्ग सुरू केला. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रासारख्या केंद्रांनी त्यासाठी उत्तम कार्यक्रम तयार केले. तथापि आरंभीचे बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत असल्यामुळे पडदा घरात आला, तरी शिक्षक घरात आला असे अनेकांना वाटले नाही.

ही उणीव ओळखून काम करणारी संस्था महाराष्ट्रात १९८९ साली स्थापन झाली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्राचार्य राम ताकवले हे मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यापूर्वी त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे ब्रीद. शाळा मध्येच सुटलेल्या गृहिणीला, शेतकऱ्याला किंवा कामगाराला पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीच्या वाटेवर आणण्याची सोय त्याने केली. त्याची पुस्तके मराठीत आणि स्वतःच्या गतीने वाचता येतील अशा रीतीने लिहिली गेली. पुस्तकाच्या सोबतीला ध्वनिफिती, चित्रफिती आणि अभ्यासकेंद्रातील संमंत्रक होते. साधने साधीच होती. परंतु विद्यार्थ्याची भाषा, त्याची वेळ आणि त्याच्या शंका यांचा विचार आधी झाला आणि साधनाचा नंतर. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून संगणक गावोगावी नेला. त्या यशाचेही एक कारण संगणकाची ओळख मराठीतून करून देण्यात होते.

संशोधनाच्या क्षेत्रातही असाच अनुभव येतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्यांनी टिपलेले संकेत एकत्र जुळवून आकाशाचे एकच चित्र तयार होते. तबकड्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून भार कमी आणि खर्चही कमी. परदेशातील आराखड्याची नक्कल न करता आपल्या परिस्थितीला साजेसा उपाय शोधल्याचे हे उदाहरण आहे. ही दुर्बीण चालवणारे केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. त्याच आवारात डॉ. जयंत नारळीकर यांनी नावारूपाला आणलेली ‘आयुका’ ही संस्थाही आहे. देशभरातील विद्यापीठांच्या प्राध्यापकांना आणि संशोधकांना मोठ्या उपकरणांचा आणि निरीक्षणांचा लाभ मिळावा, या हेतूने तिची रचना झाली.

या दोन्ही संस्थांनी समाजासाठी दारे उघडली. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विद्यार्थ्यांची आणि ग्रामस्थांची गर्दी लोटते. ‘आयुका’त दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होत आली, त्यांत मराठी व्याख्यानेही असत. नारळीकरांनी विज्ञानकथा आणि लेख मराठीत लिहिले, मुलांच्या पत्रांना उत्तरे दिली. जगभर मान्यता पावलेल्या शास्त्रज्ञाने पोस्टकार्डाला दिलेले उत्तर हेही विद्यापीठीय लोकशिक्षणच होय. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे नभोवाणी केंद्र आणि मराठी विश्वकोशाची महाजालावरील आवृत्ती ही त्याच परंपरेची पुढची पावले आहेत. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचे खंड निघू लागले, तो विश्वकोश आता पद्मनाभपुरातील मुलाला विनामूल्य वाचता येतो.

आज साधनांची वाण नाही. आयआयटींची ‘एनपीटेल’ व्याख्याने आणि केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ यांमुळे उत्तमोत्तम प्राध्यापक भ्रमणध्वनीवर आले आहेत. अनेक व्याख्यानांचा मजकूर संगणकाच्या साहाय्याने मराठीसह भारतीय भाषांत आणला जात आहे. परंतु येथेच एक सूक्ष्म अडचण आहे, आणि ती महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला विशेष जाणवते. मराठी पाठ्यपुस्तकात ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि ‘रेणू’ म्हणजे अणूंच्या संयोगाने झालेला कण. हिंदीत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. हिंदी व्याख्यानात ‘पानी का अणु’ हे शब्द ऐकणारे मराठी माध्यमाचे मूल मनात पाण्याच्या अणूची कल्पना करते. मराठी परिभाषेत पाण्याला अणू नसतो, रेणू असतो. शब्द ओळखीचा वाटल्यामुळे त्याला शंकाही येत नाही. इंग्रजीतील ‘पॉवर’ या शब्दाचेही तसेच. भौतिकशास्त्रात तो ‘शक्ती’, गणितात ‘घात’ आणि राज्यशास्त्रात ‘सत्ता’. भाषांतर करणारे यंत्र बहुधा बरोबर शब्द निवडते, कधी चुकते. चूक झाली आहे हे ओळखण्यासाठी विषय आणि भाषा दोन्ही जाणणारी व्यक्ती लागते.

अशी व्यक्ती मराठी शाळेतून घडते. घरी मराठी, बाजारात हिंदी, शेजारी छत्तीसगढी आणि पुढील शिक्षणात इंग्रजी असा व्यवहार करत वाढलेल्या मुलांना ‘अणू’ आणि ‘अणु’ यांतील अंतर सांगताच कळते. पण ते सांगणारे कोणी राहिले नाही, तर मराठी ही सणवारांची आणि आजी-आजोबांशी बोलण्याची भाषा उरेल. ज्ञानाची भाषा म्हणून तिचा हक्क न भांडता सुटेल. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांची पटसंख्या पाहता ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ भिलाईतच आहे. २०१६ साली सुरू झालेल्या आयआयटी भिलाईचा परिसर कुटेलाभाटा येथे, म्हणजे शाळेपासून फार दूर नाही. अशा संस्थांत अथवा पुणे, नागपूर, बंगळूर येथे कार्यरत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक तास शाळेला द्यावा. प्रत्यक्ष येणे शक्य नसेल, तर पडद्यावरून यावे, आणि आपला विषय मराठीत सांगावा. त्यातून हिंदी, मराठी आणि इंग्रजी संज्ञांची एक छोटी वही विद्यार्थ्यांसह तयार करता येईल. दहावीनंतर माध्यम बदलणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात ती असावी. पालकांनी भ्रमणध्वनी मुलाच्या हाती देऊन थांबू नये. व्याख्यान संपल्यावर, ‘आता हे मराठीत समजावून सांग,’ एवढेच म्हणावे. पालकांना विषय येत नसला तरी चालेल. मूल कुठे अडखळते ते ऐकून कळते, आणि अडखळलेली जागा दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारता येते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला संगणक, पडदे आणि उपकरणे भेट देण्याची अनेकांची इच्छा आहे. ती स्वागतार्ह आहे. प्रत्येक उपकरणासोबत वर्षभरातील बारा तासांचे वचनही मिळावे, ही या प्रसंगीची विनंती.