प्रयोगशाळा रोग्याच्या दारीं

सन २०१८ च्या मे महिन्याच्या आरंभीं केरळांतील कोझिकोड जिल्ह्यांत एक तरुण तापानें दगावला. त्या तापास कोणीं नांव दिलें नव्हतें. थोड्याच दिवसांत त्याचा भाऊहि तशाच लक्षणांनीं अंथरुणास खिळला, तेव्हां डॉक्टरांस संशय आला. नमुने प्रथम मणिपाल येथें आणि मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेकडे गेले, आणि निदान ठरलें : निपा. मधल्या काळांत तो रोग रुग्णालयांतच एकापासून दुसऱ्यास लागत गेला होता. पहिल्या रोग्याची शुश्रूषा करणारी परिचारिकाहि त्यांत गेली. प्रयोगशाळेनें निश्चित केलेल्या १८ रोग्यांपैकीं दोघेच वांचले.

नमुन्याला एवढा प्रवास कां करावा लागतो? रोग्याच्या घशांतील स्रावांत विषाणूचा अंश अत्यल्प असतो. तो ओळखूं येण्याइतका वाढवावा लागतो. ही युक्ति अमेरिकेंतील कॅरी मलिस यांनीं १९८३ सालीं काढली. विषाणूच्या जनुकद्रव्याची नक्कल करून मिश्रण सुमारें ९५ अंशांपर्यंत तापवावयाचें, म्हणजे जोडीचे धागे सुटे होतात. मग निववावयाचें, म्हणजे प्रत्येक धाग्यावर नवा जोडीदार तयार होतो. बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आपण ऐकली आहे. तेंच गणित येथें आहे. ३० वेळां दुप्पट केलें कीं एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. एवढ्यासाठीं मोठें यंत्र, अखंड वीज, औषधें थंड ठेवण्याची सोय आणि निरनिराळ्या कामांना निरनिराळ्या खोल्या लागत. तालुक्याच्या गांवीं दिवे गेले कीं सारेंच थांबे.

आतां यावर जो तोडगा निघाला आहे, त्याचें मर्म अगदीं घरगुती आहे. हंडाभर पाण्याला आधण येण्यास वेळ लागतो, पळीभर पाणी तेव्हांच उकळतें. बंगलोरास रचलेलें आणि गोव्याच्या एका कंपनीनें बाजारांत आणलेलें ‘ट्रूनॅट’ हें यंत्र याच तत्त्वावर चालतें. त्याच्या नखाएवढ्या चकतीवर अवघे सहा सहस्रांश मिलिलिटर द्रव पडतात, म्हणजे एका थेंबाहूनहि पुष्कळ कमी. इतकें थोडें मिश्रण तापवावयास आणि निववावयास बॅटरी पुरते. लागणारीं द्रव्यें सुकवून ठेवलेलीं असतात, त्यामुळें शीतकपाटाचा खोळंबा नाहीं. सुमारें तासाभरांत उत्तर मिळतें. क्षयरोगासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं या यंत्रास मान्यता दिली, आणि त्याच वर्षीं कोविडच्या तपासणीसाठींहि तें आपल्या देशांत कामास आलें. उष्णतेचा चढउतारच टाळून एकाच तपमानावर काम उरकणारी एक जपानी पद्धतिहि २००० सालापासून ठाऊक आहे; तिला तर याहून साधें उपकरण पुरतें.

सप्टेंबर २०२१ मध्यें कोझिकोडास निपा पुन्हां आला. बारा वर्षांचा एक मुलगा त्यांत गेला. त्याचें निदान पुण्यासच झालें होतें. परंतु या वेळीं पुण्याची मंडळी असें यंत्र घेऊन कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत उतरली आणि तेथेंच तपासणी सुरू झाली. मुलाच्या सहवासांत आलेल्यांचे नमुने निर्दोष ठरले. आपल्याला तो रोग लागला आहे कीं नाहीं, हें कळण्याकरितां आईबापांना शेंकडों मैलांवरील उत्तराची वाट पहावी लागूं नये, ही गोष्ट मला यंत्राच्या कौतुकाहून मोठी वाटते.

तरी कौतुक आवरतें घेतलेलें बरें. यंत्र स्वस्त झालें म्हणून नमुना घेणाऱ्याचा धोका सरत नाहीं; अंगभर संरक्षक वस्त्रें त्याला लागतातच. हाताळणींत हयगय झाली तर एका नमुन्याचा अंश दुसऱ्यांत मिसळून निरोगी माणूस रोगी ठरेल. निपासारख्या रोगाचा होकार आला तर त्याची मोठ्या प्रयोगशाळेंत फेरतपासणी करावीच लागते. शिवाय चकती ज्या रोगाची, त्याच प्रश्नाचें उत्तर ती देते. डेंग्यूची चकती घातली, तर रोगी निपाचा असूनहि ती ‘नाहीं’ असेंच सांगेल. आणि क्वचित् लागणारी चकती मुदत संपून वायां जाणार हें ठाऊक असतांना ती विकत घेऊन ठेवण्यास कोणतें लहान रुग्णालय तयार होईल? त्या पहिल्या तरुणाच्या उशाशीं २०१८ सालीं हें यंत्र असतें, तरी त्यांत निपाची चकती घालावी, हें त्या रात्रीं कोणाच्या मनांत आलें असतें?