परकीय भांडवल कोठे येते, कोठे थांबते?
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



परकीय भांडवल म्हटले की ‘आता परदेशी कंपन्या आपल्या जमिनी घेणार’ अशी भीती बोलून दाखविली जाते. म्हणून हे भांडवल कोणत्या क्षेत्रात येते आणि का, हे आधी समजून घेऊ.

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने परकीय गुंतवणुकीचे दार मोठे केले. पण ते सर्व क्षेत्रांना सारखे उघडे नाही. सर्वसाधारण पीक लागवडीत अशा गुंतवणुकीस परवानगी नाही. फुलशेती, फळबाग यांत ठरावीक अटींवर, आणि बियाणे विकास, पशुसंवर्धन, मत्स्यपालन व अन्नप्रक्रियेत १०० टक्क्यांपर्यंत मुभा आहे.

कायद्याने मुभा दिली म्हणजे भांडवल येतेच असे नाही. कंपनी तीन गोष्टी पाहते : मालाला गिऱ्हाईक, कच्च्या मालाचा खात्रीचा पुरवठा आणि जोखीम. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्या पट्ट्यात सुटे भाग बनविणारे कारखाने आणि कुशल कामगार आधीपासूनच होते. संगणक क्षेत्र शिकलेल्या मनुष्यबळामागे जाते. शेतमालाच्या बाबतीत हाच हिशेब आपल्या बांधापाशी येतो.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीचे उदाहरण घ्या. तेथे २०१३ मध्ये एका फ्रेंच समूहाची शांदों ही वाइन बाजारात आली. त्या वेळी आयात वाइनवर १५० टक्के मूळ सीमाशुल्क होते, म्हणून येथेच वाइन बनविणे परवडणारे होते. परिसरात जाणते द्राक्ष बागायतदार होते, आणि राज्याने २००१ मध्येच द्राक्ष प्रक्रियेसाठी धोरण आखले होते. कंपनीचे भांडवल मुख्यतः यंत्रे, टाक्या व विक्रीत गेले. द्राक्षे करारावर बागायतदारांकडून घेतली. थोडक्यात, गारपीट आणि अवकाळी पावसाची पहिली झळ बागेलाच!

यात धोका काय, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घटली, अनेक वाइनऱ्या अडचणीत आल्या. वाइन द्राक्षांना उठाव राहिला नाही आणि कित्येकांनी उभ्या बागा काढल्या. कारखाना उत्पादन कमी करू शकतो. बाग मात्र लावली की अनेक वर्षांची असते, आणि तिच्यावरचे कर्जही.

म्हणून करार करताना पुढील बाबी ध्यानात ठेवा :

१. करार लेखी व मराठीत घ्या. प्रत आपल्याजवळ ठेवा.
२. दर, प्रतवारी आणि पैसे देण्याची मुदत स्पष्ट लिहून घ्या.
३. माल नाकारल्यास आणि नैसर्गिक आपत्तीत नुकसान कोणी सोसायचे, ते ठरवा.
४. संपूर्ण क्षेत्र एकाच खरेदीदारासाठी लावू नका. दुसऱ्या बाजारात खपणारे वाणही ठेवा.
५. एकट्याने बोलणी करण्यापेक्षा गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत करा.

कंपनीला पुरवठ्याची खात्री हवी असते आणि ती आपल्या हाती आहे. तीच आपली सौदा करण्याची ताकद. ती एकेकट्याने स्वस्तात देऊ नका.