धरण आटतं तेव्हा मासा राखायचा



पाडवा झाला, ऊन तापायला लागलं आणि धरणांचं पाणी काठ सोडून खाली सरकलं. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरून खाली बघितलं तरी कुकडीचं पात्र किती अरुंद झालंय ते कळतं. आम्ही धरणाकाठच्या बाया. आमच्यातल्या कुणी घरच्यांबरोबर जाळी टाकतात, कुणी पाटी घेऊन बाजारात बसतात. उन्हाळा लागताना मासा कुठे असतो, कसा धरायचा आणि कुठला सोडून द्यायचा, याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

आधी पाण्याचं बघू. आपल्या भागात कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. माणिकडोह आणि येडगाव कुकडीवर, वडज मीना नदीवर, पिंपळगाव जोगे आर नदीवर आणि डिंभे घोड नदीवर. भरल्यावर डिंभ्यात सुमारे १२.५ टीएमसी आणि माणिकडोहात सुमारे १० टीएमसी उपयुक्त पाणी असतं. हे पाणी कालव्यांनी आपल्या तालुक्यांना आणि पुढे शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. उन्हाळी आवर्तन सुटलं की पातळी झपाट्याने उतरते. डिंभ्याचं पाणी फार खाली गेलं की जुन्या आंबेगावची बुडालेली देवळं वर दिसू लागतात. पाणी कमी होतं, पण मासा तेवढाच असतो. पावसाळ्यात जो मासा मैलभर पसरलेला असतो, तो आता थोड्या पाण्यात गोळा होतो. म्हणूनच चैत्र-वैशाखात जाळं लवकर भरतं.

मासा दिवसभर एका जागी राहत नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. दुपारी वरचं पाणी तापलं की मासा खोल जातो, त्या वेळी काठाला जाळं टाकून हाती फारसं लागत नाही. संध्याकाळी पाणी निवलं की तो पुन्हा काठाकडे येतो. ओढ्याचा पाझर जिथे धरणाला मिळतो तिथे पाणी थोडं गार असतं, मासा तिथे थांबतो. पहाटे काही वेळा मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. ती त्यांची गंमत नव्हे. उथळ, शेवाळलेल्या पाण्यात रात्रीतून प्राणवायू कमी होतो आणि त्यांचा जीव गुदमरतो.

संध्याकाळी लावलेलं जाळं या दिवसांत उजाडायच्या आत उचलावं. ऊन चढेपर्यंत जाळ्यात राहिलेला मासा लगेच मऊ पडतो. विक्रीला न्यायचा असेल तर उन्हाळ्यात जेवढा मासा तेवढाच बर्फ लागतो. खाली बर्फ, वर मासा, पुन्हा बर्फ, असे थर लावायचे आणि वितळलेलं पाणी निघून जाऊ द्यायचं. घेणारीनेही बघून घ्यावं. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, बोटाने दाबलेलं मांस परत वर यायला हवं. बारीक मासळी उरलीच तर मीठ लावून वाळवावी, पण जमिनीवर नको. मचाण करून, वर जाळी टाकून वाळवली की माती आणि माशा लागत नाहीत.

जिवाची काळजीही सांगायला हवी. पाणी हटलेल्या काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत मांडीभर मऊ असतो. काठी टेकून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये, लेकरांना तर एकटं सोडूच नये. दुपारनंतर वळवाचं वारं अचानक सुटतं. ट्यूबवर किंवा तराफ्यावर बसणाऱ्याने आभाळ काळवंडायच्या आत काठ गाठावा. पहाटे पाटी घेऊन निघताना उसाच्या कडेने एकटीने जाऊ नये. आपल्या भागात बिबट्या आहे. दोघी-तिघींनी मिळून, बॅटरी घेऊन, बोलत जावं.

आता मुद्द्याचं. मासा सोपा सापडतो, म्हणूनच या दोन महिन्यांत त्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. कटला, रोहू, मृगळ यांना अंडी घालायला पावसाळ्याचं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची पैदास आपोआप होत नाही. म्हणून दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडावी लागतात. ती पिल्लं पुढच्या उन्हाळ्यात पावशेराची झाली की बारीक आसाच्या जाळ्यात सापडतात. हिशोब करून बघा. पावशेराचे चार मासे म्हणजे एक किलो. तेच चार पाण्यात राहिले, त्यातला एक मेला असं धरलं आणि उरलेले तीन किलो-किलोचे झाले, तर तीन किलो. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भावही बरा मिळतो. चिलापीची गोष्ट वेगळी. ती बाहेरून आलेली जात आहे, धरणातच वर्षातून अनेकदा पिल्लं काढते आणि दुसऱ्यांचं खाणं खाते. चिलापी लहान असो, मोठी असो, खुशाल धरावी.

ओढ्यांमध्ये आता फक्त डोह उरलेत. मरळ, वांब, मळ्या, खेकडे सगळे त्यातच जीव धरून असतात. पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा झुबका फिरताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करते आहे असं समजावं. ती जोडी उचलली की पिल्लं तासाभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

काही जण याच डोहात औषध टाकतात, नाहीतर स्फोट करतात. बारीक-मोठं सगळंच मरून वर येतं, त्यातलं निम्मं हातीही लागत नाही. पाण्यात विष टाकून किंवा स्फोट करून मासे मारणं कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या डोहात औषध पडतं, त्याच डोहावर मे महिन्यात आपला हंडा भरतो आणि आपली गुरं पाणी पितात.

मग मृगाचा पाऊस. पहिल्या लोंढ्याबरोबर मासे ओढ्याला चढतात. चढणीचे मासे खायची हौस सगळ्यांना असते, आम्हालाही आहे. पण त्या माशांच्या पोटात गाबोळी असते. एकेका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवतात ती याचसाठी. आपल्या ओढ्याला निदान पहिले आठ-पंधरा दिवस सूट द्यायला काय हरकत आहे?

असं राखता येतं का, असं कुणी विचारेल. महाडजवळ वाळणकोंडात वरदायिनी देवीचे म्हणून मासे राखले आहेत. तिथले मोठाले महासीर माणसाच्या हातून खातात, पण त्यांना कुणी धरत नाही. आपल्याकडे डिंभ्यात जमीन बुडालेल्या आदिवासी कुटुंबांनी मच्छीमार सहकारी संस्था उभी केली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची शाश्वत ही संस्था त्यांच्या पाठीशी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेची मदत घेऊन त्यांनी धरणातच पिंजरे लावले आणि त्यात बोटुकली मोठी करून मग सोडली. बारीक पिल्लू सोडलं तर दुसरे मासे खाऊन टाकतात, वाढवून सोडलं तर जगतं. ज्यांच्या शेतावर पाणी आलं त्यांनीच त्या पाण्यात पीक घेतलं.

मैत्रिणींनो, जाळं बहुतेक गडीमाणसं टाकतात. पण मासा विकते बाई, विकत घेते बाई आणि चुलीवर रांधतेही बाईच. आपण पाटीत जे ठेवत नाही आणि पिशवीत जे घेत नाही, ते धरायला कोण जाईल? म्हणून पुढच्या गटाच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा. वीतभरापेक्षा लहान कटला-रोहू आम्ही विकणार नाही आणि घेणार नाही. गावचा एक डोह पाऊस पडेपर्यंत कुणी मारायचा नाही, आणि तो कुठला ते ग्रामसभेत सांगून ठरवायचं. औषध टाकताना कुणी दिसलं तर एकटीने भांडायचं नाही, गटाने मिळून सरपंच आणि पोलीस पाटलांना कळवायचं. आणि चौथी गोष्ट, गावाच्या मच्छीमार संस्थेत बायांची नावं सभासद म्हणून आहेत का ते विचारायचं. नसतील तर अर्ज द्यायचा. बर्फाचा, जाळ्याचा, भावाचा निर्णय जिथे होतो, तिथे पाटी उचलणारीही बसलेली हवी.

पाणी यंदाही आटेल आणि पावसाने पुन्हा भरेल. त्या भरलेल्या पाण्यात मासा असेल की नाही, ते मात्र या दोन महिन्यांत ठरतं. तुमच्या गटाने काय ठरवलं ते आम्हाला नक्की कळवा.