हिरवं बटन दाबण्याआधी

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, तेव्हा थेट विहिरीवरच जाऊ.

आमच्या जत भागात मोटार सुरू झाली नाही की हात पहिला कुठं जातो? स्टार्टरच्या हिरव्या बटनावर. दाबलं, घुंईऽ झालं, ट्रिप. पुन्हा दाबलं, पुन्हा ट्रिप. वायरमन ओरडतोय, "अण्णा, एक फेज गेलाय, आधी तो बघा!" अण्णांचं बोट काही बटनावरनं हलत नाही. मग वाइंडिंग जळतं आणि अण्णा मोटारीच्या कंपनीला शिव्या घालतात.

लिनक्स अपग्रेड केल्यावर सर्व्हिस उठत नाही, तेव्हा तुम्ही हेच करता. परवा एका वाचनालयात उबुंटू 22.04 चं 24.04 केलं. अपाची हा वेब सर्व्हर उठेना, पुस्तकांची यादी दिसेना. तिथल्या पोरानं रीस्टार्टचा सपाटा लावला. आता सर्व्हिस सुरू करणारं सिस्टिमडी मुळात दहा सेकंदांत पाच वेळाच सुरू करू देतं. पुढं तेही ओव्हरलोड रिलेसारखं ट्रिप होतं आणि लिहितं, फार घाईनं सुरू करताय. पोरगं म्हणतं, "काका, हाच फॉल्ट." अरे, हा फॉल्ट नव्हे, तुझ्या बोटाचा पंचनामा आहे!

फॉल्ट त्याच्या वर असतो. नोंदी दाखवणारी आज्ञा द्या: जर्नलसीटीएल, उणे यू, सर्व्हिसचं नाव. खालून वर सरकत पहिली तक्रार गाठा. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: पीएचपी 8.1 चं मोड्यूल सापडत नाही. सापडेल कसं? 24.04 मध्ये 8.3 येतं. जुनं मोड्यूल काढलं, नवं जोडलं, कॉन्फिगटेस्ट घेतली, आणि मग बटन. एकाच दाबात उठलं.

पुन्हा सांगतो, कारण तुम्ही विसरणार: पहिली तक्रार वाचा, शेवटची नव्हे. आणि सगळी सिस्टिम नव्यानं टाकू म्हणणाऱ्यांनो, फ्यूज उडाला म्हणून विहीर बुजवता का?

सर्व्हिस हातानं सुरू होते पण मशीन चालू करताना पडते, ते दुखणं निराळं. म्हैसाळ योजनेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आपल्याकडं येतं. खालच्या टप्प्याचं पाणी पोचायच्या आत वरचा पंप चालवला तर? तसंच नेटवर्क यायच्या आधी तुमची सर्व्हिस... युनिट फाइलमध्ये 'आफ्टर' म्हणून एक ओळ... काचेपलीकडून हात दाखवताहेत. राहिलं. पण ती पहिली तक्रार, वरची बरं का, खालची नव्हे.