मधली मोकळी जागा

माझ्या अम्मीच्या जात्यावरच्या ओव्या मी संगणकात टाइप करून ठेवल्या होत्या. दोन फोल्डर होते. 'ओव्या' या फोल्डरात तपासलेली प्रत, 'ओव्या जुन्या' मध्ये कच्ची. एक दिवस कच्ची प्रत काढून टाकायची ठरवली. माझ्या संगणकावर लिनक्स आहे. मार्गदर्शिकेत पाहून फोल्डर पुसण्याची आज्ञा टाइप केली आणि पुढे लिहिले, ओव्या जुन्या.

उत्तर आले, 'जुन्या' नावाचे काही सापडत नाही. पाहतो तर कच्ची प्रत जागच्या जागी आणि तपासलेली गायब!

आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामला 'शेल' म्हणतात. मोकळी जागा दिसली की एक नाव संपले, दुसरे सुरू झाले, असे तो समजतो. त्याने 'ओव्या' पुसल्या आणि मग 'जुन्या' शोधल्या. अशा आज्ञेने पुसलेले कचरापेटीतही जात नाही.

मार्गदर्शिकेत एक ओळ होती, 'विशेष अक्षरे एस्केप करावीत.' वाक्य खरे होते. पण कोणती अक्षरे विशेष, आणि एस्केप करायचे म्हणजे काय टाइप करायचे, हे त्यात नव्हते.

खरे तर ही गोष्ट आपण रोज करतो. आई घरी आहे, असे आपण लिहितो. आणि 'आई' दोन अक्षरी आहे, असेही लिहितो. दुसऱ्या वाक्यातली अवतरणचिन्हे सांगतात, इथे माणूस नको, नुसता शब्द घ्या. एस्केप म्हणजे एवढेच. फोल्डरचे पूर्ण नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहावे. चिन्हे कळफलकावरची सरळ हवीत, छापील पुस्तकातली वळणदार चालत नाहीत. नाहीतर मोकळ्या जागेआधी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश द्यावा: ओव्या\ जुन्या. तारका, कंस, डॉलरचे चिन्ह यांनाही हाच नियम.

विंडोजमध्ये मात्र हीच रेघ फोल्डरांची नावे वेगळी करते. १९८३ च्या एमएस-डॉस २.० पासूनची ही रीत. पण 'सी' भाषेत बॅकस्लॅशपुढे 'टी' आला की त्याचा टॅब होतो. 'टेम्प' हा फोल्डर इंग्रजी 'टी'नेच सुरू होतो, म्हणून तिथे फोल्डरची वाट चुकते. त्यासाठी रेघ दोनदा लिहायची. पहिली रेघ दुसरीला सांभाळते.

मार्गदर्शिकेतले ते पान मी पुन्हा लिहून दिले. शेवटी एक सूचना घातली: पुसण्याआधी तेच नाव, तसेच लिहून, यादी दाखवणाऱ्या आज्ञेला द्या आणि काय दिसते ते पाहा. उदाहरणाला 'ओव्या जुन्या' हेच नाव ठेवले.

कच्च्या प्रतीवरून ओव्या पुन्हा तपासल्या. काही शब्द तेव्हा अम्मीला विचारून दुरुस्त केले होते. आता विचारायला ती नाही. त्या जागा मोकळ्याच ठेवल्या आहेत.